पट्टेरी, प्रौढ, बहुधा नर

पैसे मागायला चेहरा निबर लागतो. माझा असा आहे की वाण्याकडून सुटे पाच रुपये परत घेतानासुद्धा बघणाऱ्याला वाटतं, मीच उधारी मागतोय. तरीही आमच्या यारी रोडच्या सोसायटीतल्या आठवी-नववीच्या पोरांनी वर्गणीचं पावतीपुस्तक माझ्याच हातात दिलं, कारण बाकीच्या काकांना त्या वेळी नेमकी कामं निघाली होती.

पोरांना हवे होते ट्रॅप कॅमेरे. मुंबईतल्या कांदळवनांत सोनेरी कोल्हे राहतात आणि कांदळवन प्रतिष्ठान व वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया यांनी असे कॅमेरे लावून त्यांचा अभ्यास केला, हे त्यांना शाळेत कळलं होतं. हा कॅमेरा झाडाला बांधायचा आणि घरी जाऊन झोपायचं. समोरून ऊब असलेलं काही हललं की तो आपला आपण फोटो काढतो, रात्री डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडात. कांदळवनात बांधायला वनखात्याची परवानगी लागते, म्हणून सुरुवात सोसायटीच्या मागच्या भिंतीपासून.

मी भाषण पाठ केलं. मार्च २०१८मध्ये आपल्याच वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात गेली, इथून सुरुवात करायची, असं ठरवलं. पहिल्याच दारात ‘ती मेंटेनन्स भरायला परत येणारेत का?’ असं विचारलं गेल्यावर पुढचं विसरलो. मग तळमजल्यावरच्या काकूंनी, कॅमेरा त्यांच्या कढीपत्त्यावर रोखला तरच पैसे देईन, असं बजावलं, दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांना त्यांच्या जागेवर कोण स्कूटर लावतं त्याचा पुरावा हवा होता, आणि चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी चहा पाजला, जुन्या वर्सोव्याच्या गोष्टी ऐकवल्या, पाठीवर हात ठेवला आणि निघताना माझ्याच नावाने भजनी मंडळाची पावती फाडली. खाली आलो तेव्हा निधी उणे होता.

आमच्या कोळीणमावशींचं मन मात्र मोठं. ‘कोल्हा? तो तर रातचा येतो खाडीवर. त्याचा फोटू काढून तुला काय भेटनार?’ म्हणत त्यांनी पन्नासाची नोट दिली. आणि पापलेटात शंभर चढवून घेतले.

शेवटी पोरंच म्हणाली, काका, आधी लोकांना दाखवू या. शाळेतल्या बाईंकडून कॅमेऱ्यांची जोडी मागून आणली, पंपरूमच्या मागे समोरासमोर बांधली, आणि रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावला. मी पाहुण्यांना खुर्च्या देत होतो. सूत्रसंचालन नववीतल्या एका चष्मेवाल्या मुलीकडे होतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१५ साली असेच बिबटे मोजले आणि ३५ भरले, असं तिने सांगितलं. प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे, त्यातही डाव्या कुशीचे निराळे, उजव्या कुशीचे निराळे, म्हणून कॅमेरे दोन. लोक माना डोलवत होते. मलाही अभिमान वाटत होता.

मग मुंगूस आलं, घूस आली, बोका आला, वाऱ्याने हललेलं बदामाचं पान उगीचच येऊन गेलं. आणि मग पडद्यावर एक पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आली.

‘या प्राण्याचा चेहरा एकाही फोटोत नाही,’ मुलगी म्हणाली, ‘पण दोन्ही बाजूंचे पट्टे जुळतात, म्हणजे सगळे फोटो एकाच प्राण्याचे. प्रौढ, बहुधा नर. रात्री साडेअकरानंतर एकटा फिरतो. मीटरबॉक्सच्या मागे अन्न साठवतो.’ पुढच्या फोटोत अन्न दिसलं. काजूकतली होती. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून रोज सकाळी मला कारल्याचा रस देणारी माझी बायको पहिल्या रांगेत बसली होती, आणि ती चड्डी दर सोमवारी तीच वाळत घालते.

हॉलमध्ये जे हसू फुटलं त्यात पाकिटंही सुटली. आजोबांनी पाचशे दिले. स्कूटरवाल्या साहेबांनी तर पुढचा कार्यक्रम कधी, असं विचारलं.

सगळ्यात शेवटी ही उठली. एका कॅमेऱ्याचे सगळे पैसे मी देते म्हणाली, फक्त पहिले पंधरा दिवस तो आमच्या फ्रिजसमोर राहील.

‘काकू, एकाने नाही भागणार,’ मुलगी गंभीरपणे म्हणाली. ‘डावी बाजू, उजवी बाजू.’

‘मग दोन घ्या.’