पाचवीला पुजलेलं

एप्रिलच्या अखेरीस दोन मोटारसायकली गावात शिरल्या, त्यांवर इस्त्रीच्या शर्टातली चार माणसं असली आणि प्रत्येकाच्या काखेत प्लॅस्टिकची फाईल असली, की गावानं समजावं, निवडणूक नाही, चौथीचा निकाल जवळ आलाय. हे हायस्कूलचे शिक्षक. भर उन्हात दारोदार फिरून ते पाचवीसाठी मुलं गोळा करताहेत. अशा मोटारसायकलीच्या मागच्या सीटवर मीही बरेच उन्हाळे काढले आहेत, त्यामुळे पुढचं सगळं आतल्या गोटातलं समजा.

या मोहिमेमागे ज्ञानप्रसाराची तळमळ असते असं सांगायला मला आवडलं असतं. खरी तळमळ संचमान्यतेची. शाळेचा पट किती, त्यावर शासन शिक्षकांची पदं मंजूर करतं. पट घसरला की एखादा शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि मग त्याचं समायोजन कुठल्या तालुक्यात होईल ते देवालाही सांगता येत नाही. म्हणून ज्या पोराला कधी पाहिलंही नाही, त्याच्या ओसरीवर बसून आम्ही त्याच्या आजोबांच्या गुडघेदुखीची चौकशी करायचो. एखाद्या घरचा चहा नाकारला तर दाखला दुसऱ्या शाळेत जाईल, या भीतीनं दिवसभरात इतका चहा व्हायचा की पित्ताच्या गोळ्यांचा खर्च शाळेनं सोसावा, अशी सूचना एकदा स्टाफ मीटिंगमध्ये अगदी गंभीरपणे मांडली गेली होती. आमच्या आधी पलीकडच्या गावचं हायस्कूल येऊन गेलेलं असे. त्यांनी दप्तर कबूल केलेलं असे. आम्ही दप्तर आणि वह्या म्हणायचो. मग ते रिक्षा म्हणायचे.

ही घासाघीस ज्याच्यावरून चाललेली असते तो चिरंजीव आईच्या मागे दाराची कडी वाजवत उभा असतो. त्याला कुणी काही विचारत नाही. निघताना पाहुण्यांपैकी एखादा त्याच्या गालाला हात लावून म्हणतो, "काय मग, येणार ना आमच्या शाळेत?" तो मान हलवतो. ती होकाराची की नकाराची हे बघायला कुणी थांबत नाही, कारण आधार कार्डाची झेरॉक्स तोवर फाईलमध्ये गेलेली असते.

पहिलीत जाणाऱ्या मुलाचं असं नसतं. त्याच्यासाठी 2022 पासून खुद्द शासनानं 'पहिले पाऊल' नावाचे शाळापूर्व तयारी मेळावे सुरू केले आहेत. तोरणं, फुगे, फुलं. मूल एका टेबलापाशी उड्या मारतं, दुसऱ्यापाशी रंग ओळखतं, तिसऱ्यापाशी वस्तू मोजतं, आणि घरी काय करून घ्यायचं ते आईला कुणीतरी नीट समजावून सांगतं. दहावीला तर सगळं घरच परीक्षेला बसतं. त्या वर्षापुरती केबल काढून टाकणारी घरं मी पाहिली आहेत. मधल्या पाचवीचं काय? 15 जूनला (विदर्भात उन्हामुळे थोडं उशिरा) मूल गावाबाहेरच्या हायस्कूलच्या फाटकातून आत जातं आणि संध्याकाळी आई विचारते, "डबा संपवलास का?" झाली तयारी.

तसं पाहिलं तर कायद्याच्या कागदावर ही उडी नाहीच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवी प्राथमिक ठरवली आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. 2020 च्या राष्ट्रीय धोरणातही पाचवी तिसरी-चौथीच्याच टप्प्यात बसते. दिल्लीच्या हिशेबानं पाचवी खालच्या घरची. आपल्याकडे मात्र चौथी संपली की हायस्कूल, हे इंग्रजी अमदानीपासूनचं वळण आहे. मराठी चार इयत्ता झाल्या की ज्याला परवडेल तो इंग्रजी शाळेत जायचा. त्याची 'इंग्रजी पहिली' म्हणजे आजची पाचवी, आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. बाकीचे मराठी सातवीपर्यंत शिकून व्हर्नाक्युलर फायनल द्यायचे आणि मास्तर व्हायचे. 1975 मध्ये अकरावीच्या मॅट्रिकच्या जागी दहावीची एसएससी आली, 2000 पासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासूनच शिकवायला लागले, तरी चौथीपुढचं ते कुंपण काही हललं नाही. नव्या कायद्यानंतर काही जिल्हा परिषद शाळांना पाचवीचा वर्ग जोडला गेला, तेव्हा हायस्कुलांनी जोरदार निवेदनं दिली आणि प्राथमिकवाल्यांनी त्यांना तितक्याच जोरदार उत्तरं दिली. मुलांच्या हिताचा मुद्दा दोन्ही बाजूंच्या निवेदनांत पहिल्याच परिच्छेदात होता. पदं वाचवण्याचा कुणाच्याच नव्हता.

आता त्या मुलाकडे पाहू. चौथीचा मुलगा म्हणजे वाडीवरच्या शाळेतला सर्वांत मोठा अधिकारी. घंटा तो देतो, परिपाठाला पुढे उभा राहून प्रतिज्ञा तो सांगतो, खिचडीच्या रांगेत पहिलीच्या पोरांना दटावतोही तोच. निरोप समारंभाला वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट देतो (एका शाळेच्या एकाच भिंतीवर अशी चार घड्याळं मी पाहिली आहेत, चारही वेगळी वेळ दाखवणारी), भाषणात रडतो, आणि दीड महिन्यानं हायस्कुलात सगळ्यांत धाकटा होऊन नववीच्या मुलांच्या कोपरांखालून पाण्याचा नळ शोधत असतो. इतिहासाच्या पुस्तकातही त्याच्यावर हीच पाळी येते. चौथीचं वर्ष शिवछत्रपतींच्या सहवासात, गडकोटांवर काढलेलं. पाचवीचं पुस्तक उघडावं तर एकदम अश्मयुग.

त्यात माणसं बदलतात. इतकी वर्षं एक नाहीतर दोन बाई; याच्या घरची म्हैस कधी व्याली तेही त्यांना ठाऊक. हायस्कुलात अर्ध्यापाऊण तासानं घंटा होते आणि फळ्यापुढचा माणूस बदलतो. मराठीचे सर खाडाखोड चालवून घेतात, गणिताचे घेत नाहीत. इंग्रजीच्या मॅडमना वही दोनशे पानीच लागते. हिंदी नव्यानं सुरू झालेली असते. चित्रकलेचे सर शाळेत आहेत असं म्हणतात, पण त्यांच्या तासाला कायम गणिताचे सर येतात. पोरं हे सगळं निमूटपणे पाठ करतात. आमच्यातल्या प्रत्येकाची लहर कुठल्या तासाला कशी असते, हे त्यांना आमच्या घरच्यांपेक्षा लवकर कळतं. त्यामुळे बहुतेक मुलं आषाढीपर्यंत रुळतात. काही रुळत नाहीत, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. वेळ लागतो तो पालकांना.

प्राथमिक शाळेत आई धाकट्याला कडेवर घेऊन सरळ वर्गात जायची. "बाई, आज ह्याला सर्दी आहे, पंख्याखाली बसवू नका." हायस्कूलच्या फाटकावर शिपाईमामा विचारतो, "कुणाकडं काम आहे?" आणि तिला कुणाचंच नाव माहीत नसतं. ती डबा त्याच्याच हातात देऊन परत फिरते. वडील उगवतात ते पालक सभेला. "सर, आमचा तसा हुशार आहे, पण अभ्यास करत नाही." दर वर्षी दर बापाकडून हेच ऐकायला मिळतं, आणि ज्यांची मुलं खरोखर हुशार असतात तेही हेच म्हणतात.

"तुकडी कोणती?"

वडील पोराकडे बघतात. पोरगं चपलेकडे बघत म्हणतं, "क."

आपला मुलगा दीड-दोन महिने 'क'मध्ये बसतोय हे वडलांना तिथं कळतं. मग त्याला काय येतं, काय येत नाही, हा विषय बाजूला राहतो आणि उरलेली सभा 'अ'मध्ये कसं बसवता येईल यावर जाते. तुकड्या गुणांवर पाडू नयेत याबद्दल सगळ्यांचं एकमत असतं. संस्थेच्या संचालकांचा भाचा आणि सरपंचांची नात 'अ'मध्ये असतात तो निव्वळ योगायोग.

पालक मे महिन्यात तयारी करत नाहीत असं नाही. दप्तर येतं, बूट येतात, गाईड येतं, तालुक्याच्या गावी इंग्रजी-गणिताचा उन्हाळी क्लास लागतो. पण पाचवीतलं मूल पहिल्या महिन्यात इंग्रजीनं अडत नाही, मुतारीनं अडतं. कुठं आहे ते माहीत नसतं, विचारायची लाज वाटते, मधल्या सुट्टीत तिथं मोठ्या मुलांची गर्दी. मग पोरं दिवसभर पाणीच पीत नाहीत. मुली तर हमखास. दुपारी डोकं दुखतं म्हणून एखादी मुलगी स्टाफरूमच्या दारात आली की आमच्याकडच्या एक मॅडम तिला गोळी देत नसत. आधी दोन ग्लास पाणी पाजत आणि मग हाताला धरून इमारतीच्या मागे नेऊन आणत. डोकं थांबायचं. तेव्हा मे महिन्यात एखाद्या दिवशी, शाळा रिकामी आणि कार्यालय उघडं असताना, मुलाला घेऊन जा. नळ कुठं, मुतारी कुठं, पाचवीचे वर्ग कुठं, सायकल कुठं लावायची, एवढं दाखवा. मुख्याध्यापकांना भेटलं नाही तरी चालेल.

एसटीनं जाणार असेल तर त्याच्या वेळेच्या गाडीनं एकदा त्याच्याबरोबर जा. येताना त्याला पुढे बसवा, तुम्ही मागे बसा आणि तिकीट त्याला काढू द्या. खेड्यांतल्या मुलींना पाचवीपासून अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत पास मोफत मिळतो. पास मोफत असला म्हणून गाडी थांबेलच असं नाही. भरलेली गाडी हात दाखवूनही सुसाट निघून गेली तर काय करायचं, ते घरी आधी ठरलेलं असू द्या. 'तिथंच थांब, मागची येते' हे एका घरचं उत्तर, 'दुकानात जा आणि तिथून फोन कर' हे दुसऱ्या घरचं. दोन्ही चालतात. ठरलेलं नसणं तेवढं चालत नाही. आणि दप्तर रोज त्याचं त्याला भरू द्या, वेळापत्रक बघून. आई भरते तेव्हा सगळीच पुस्तकं भरते, न जाणो लागलं तर म्हणून, आणि मग पाठदुखीची तक्रार शाळेकडे येते.

दाखला हातात पडला की घडी घालायच्या आधी वाचा. नावातली वेलांटी, आईचं नाव, जन्मतारीख, जात. आत्ता दिसलेली चूक कमी चपला झिजवून दुरुस्त होते. दहावीनंतर तीच चूक बोर्डाच्या, तहसीलच्या आणि कधीकधी वकिलाच्या दारात उभं करते. दाखला मिळायला उशीर झाला तर मात्र घाबरू नका. तेवढ्या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही, हे त्या 2009 च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा आईबापांची मुलाखत घेता येत नाही हेही तिथंच आहे, मग संस्थेची पाटी कितीही मोठी असो.

त्याच दाखल्यावर खाली दोन रकाने असतात. अभ्यासातील प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. माझ्या हातून गेलेल्या जवळजवळ प्रत्येक दाखल्यावर हेच लिहिलेलं होतं. ज्या बाईंनी या मुलाला इतकी वर्षं रोज पाहिलं, त्यांच्याजवळचं सगळं ज्ञान त्या एका 'चांगली'त मिटतं. ह्याला मागच्या बाकावरून फळा दिसत नाही. हिला उभं करून वाचायला लावलं की ती अडखळते, बसून छान वाचते. ह्याचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातील, तेव्हा हा शाळेत यायचा थांबेल. आजीला निरोप धाडला की येतो. बाईंना हे तोंडपाठ असतं. हायस्कूलला ते कळायला पहिली घटक चाचणी जाते, कधी सहामाही जाते, आणि तोवर 'वर्गात लक्ष देत नाही' असा शेरा पडून गेलेला असतो. न रुळणारी मुलं म्हटलं ती हीच. जे कुणाला विचारलं तर दोन मिनिटांत कळलं असतं ते कळायला अर्धं वर्ष लागतं, याइतकी खुळी व्यवस्था दुसरी नसेल.

मघाच्या त्या पाणी पाजणाऱ्या मॅडमही उन्हाळ्यात याद्या आणायला हिंडायच्या. बाकीचे यादीत नाव, पत्ता आणि वडलांचा मोबाईल घेऊन परतायचे. त्या वाडीवरच्या बाईंसमोर बसून समासात पेन्सिलीनं एखादा शब्द लिहून आणायच्या. 'चष्मा?' 'डावखुरा.' 'आजी.' 'अंधाराला भितो.' जूनमध्ये ज्याला पाचवीची वर्गशिक्षकी लागे तो आधी त्यांच्या यादीची झेरॉक्स मागून घेई, तुकडी 'अ' असो की 'क'.

असल्या मॅडम सगळ्याच शाळांना मिळत नाहीत. म्हणून चौथीच्या आईवडलांना एवढंच सांगायचंय. दाखला घ्यायला जाल त्या दिवशी बाईंकडून तुमच्या मुलाबद्दल चार ओळी साध्या कागदावर लिहून मागा, आणि शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात तो कागद पाचवीच्या वर्गशिक्षकांच्या हातात नेऊन द्या. वर्गशिक्षक कोण ते माहीत नसेल तर फाटकावरच्या शिपाईमामाला विचारा. त्याला शाळेतलं सगळं माहीत असतं.