करंगळी ते मेंदू, व्हाया कंबर

पायाची करंगळी पलंगाच्या पायावर आपटली, की आपटणं आणि ठणका लागणं यांच्यामध्ये एक चमत्कारिक क्षण येतो. आपटलंय हे पक्कं कळलेलं असतं, पण खरं दुखणं अजून यायचं असतं. माणूस दाताखाली ओठ धरून नुसती वाट बघतो.

ही आपल्या मज्जातंतूंची रीतसर व्यवस्था आहे. स्पर्शाची बातमी नेणारे तंतू जाड, वर चरबीचं वेष्टण. वेष्टणातल्या फटीफटींवरून उड्या मारत बातमी सेकंदाला ५०-६० मीटर पळते. ठणका आणणारे तंतू मात्र बारीक आणि उघडे. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम १ मीटर. म्हणजे डेक्कन क्वीन केव्हाच पुढे गेली आणि दुखणं मागून पॅसेंजरने, एकेक स्टेशन घेत येतंय. करंगळीपासून कंबरेपर्यंतच मीटरभर अंतर. उंच माणसांना अंमळ जास्त सवड मिळते. माझ्या उंचीत ती सोय नाही.

हा वेग कधी मोजता येईल, असं योहानेस म्यूलर या बड्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाला वाटत नव्हतं. त्याचाच शिष्य हर्मान हेल्महोल्ट्झ याने १८५० मध्ये बेडकाच्या पायावर तो मोजून दाखवला: सेकंदाला सुमारे २७ मीटर. गुरूला खोटं पाडताना शिष्याचं काही गेलं नाही, बेडकाचा पाय गेला.

इकडे माझा पाय एव्हाना वर उचललेला असतो. तो मी उचलत नाही. मेंदूला पत्ता लागायच्या आत पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू तो परस्पर उचलतो, आणि ‘ताठ राहा, भार तुझ्यावर आहे’ असा हुकूम दुसऱ्या पायाला सोडतो. एका पायावरच्या त्या नाचात माझं कर्तृत्व शून्य. मेंदूकडे उरतं ते शिवी हासडण्याचं काम, आणि सासूबाई मुक्कामाला असल्या तर तीही अर्धी गिळावी लागते.

“अहो, डोळे आहेत की बटणं?” हे मात्र आतल्या खोलीतून या सगळ्याच्या आधी येतं. तो वेग अजून कुणी मोजलेला नाही.

मग खाली बसून करंगळी चोळायची. लहानपणी पडलो की आई “मुंगी मेली बघ!” म्हणत गुडघा चोळायची. मुंगीचं ठाऊक नाही, पण चोळण्याला १९६५ मध्ये शास्त्राचा आधार मिळाला. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं, की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू फाटक असतं, आणि चोळण्याचा स्पर्श आला की ते थोडं लोटलं जातं. त्या सिद्धांतात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. चोळल्याने बरं वाटतं, ते तेवढं तसंच राहिलं.

तेव्हा खुशाल चोळा, बाम नसला तरी चालेल. सूज उतरली नाही तर मात्र एक्स-रे काढा. मुंगी मेली तरी हाड मोडलेलं असू शकतं.