रंगीत तालीम

एसटी सहाची असली की चारला स्टँडवर जाऊन बसणारा, डॉक्टरांकडे निघण्याआधी काय काय दुखतंय ते आरशासमोर म्हणून बघणारा माणूस प्रत्येक घराण्यात एक असतो. आमच्यात तो माझा आतेभाऊ मिलिंद. फरक एवढाच की हा सांगलीहून मिसिसॉगाला आला आणि इथे त्याला जंगल सापडलं.

"पोरांना कनूतून नेणार. तंबूत राहायचं," त्याने फेब्रुवारीत जाहीर केलं. बाहेर बर्फ. पोरं म्हणजे सात वर्षांची मुक्ता आणि चार वर्षांचा ओजस. न्यायचं होतं अल्गॉन्क्विनला. टोरांटोच्या उत्तरेला 1893 पासून राखलेलं हे अरण्य एवढं मोठं की अख्खा गोवा त्यात दोनदा मावेल. एक हमरस्ता सोडला तर खरं आत शिरायचं ते पाण्यावरून. एक तळं संपलं की होडी डोक्यावर घ्यायची आणि पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. याला पोर्टेज म्हणतात. मिलिंद हा शब्द इतक्या आदराने उच्चारतो की आत्याला बरेच दिवस तो कुणी गोरा साहेब वाटत होता.

तिथली मुक्कामाची जागा पाच महिने आधी, सकाळी सातला आरक्षणासाठी खुली होते. मिलिंदने आदल्या दिवशीच सातला लॅपटॉप उघडून भलत्याच तळ्यावरची जागा निवडली, नावं भरली आणि पैसे भरायच्या पायरीवरून परत फिरला. त्याच्या बायकोने, स्वातीने विचारलं, "हे काय?"

"तालीम."

त्या दिवसापासून त्या घरात जगणं बंद झालं आणि तालमी सुरू झाल्या. दिवाणखान्यातल्या गालिच्यावर निळी टेप चिकटवून त्याने सोळा फुटी कनूचा आकार काढला. संध्याकाळी जेवणं झाली की लाइफ जॅकेटं चढवून चौघांनी आपापल्या जागी बसायचं. स्वाती पुढे, पोरं मध्ये, मिलिंद मागे. हातात झाडू. गालिचा म्हणजे पाणी. मी एकदा सोफ्याकडे निघालो तर ओजस किंचाळला, "काका बुडाले!" पुढे दोन महिने मी त्या घरात भिंतीला धरून चाललो. एकदा आत्या चहाचा ट्रे घेऊन सरळ तळ्यातून आली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पोर्टेजच्या तालमीला कनू नव्हती, म्हणून मिलिंद अॅल्युमिनियमची शिडी खांद्यावर घेऊन पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचा. कनू लेकवरून जो लेकला जाताना 295 मीटर चालावं लागतं. त्याने पार्किंग टेपने मोजून तेवढंच अंतर आखलं होतं. मागून मुक्ता वल्ही घेऊन, तिच्यामागे ओजस, त्याच्या हातात एक सॉसपॅन. शेजारचे इटालियन आजोबा रोज विचारायचे, छप्पर गळतंय का?

मग अस्वल. अल्गॉन्क्विनमध्ये काळी अस्वलं आहेत, त्यामुळे रात्री खाण्याची पिशवी दोरीने उंच फांदीला टांगावी लागते. वास येणारं सगळं त्यात, टूथपेस्टसुद्धा. मिलिंदने पिशवी बास्केटबॉलच्या रिंगला टांगली आणि अस्वलाची भूमिका माझ्याकडे आली. मी घुरघुरत आलो, पोरांनी पातेली बडवली. "घाबरून पळायचं नाही, मोठ्याने बोलत मागे मागे सरायचं," दिग्दर्शक ओरडला. माझा प्रवेश तीनदा झाला. पहिल्या दोन्ही वेळा मी पुरेसा भुकेला वाटलो नाही म्हणे. त्याला खरी चिंता होती हिंगाची. "अस्वलाला हिंग आवडतो की नाही, हे एकाही पुस्तकात नाही रे!"

काचेच्या बाटल्या आणि डबाबंद पदार्थांचे टिन आत न्यायला बंदी, म्हणून आत्याचं लोणचं बरणीतून प्लास्टिकच्या डबीत गेलं. उघड्यावरच्या शौचालयाची तालीमही झाली. तिथे झाडीत एक झाकणाचं लाकडी खोकं असतं, भिंती नसतात. मिलिंदने अंगणात फळांचं खोकं पालथं घालून ओजसला त्यावर बसवलं. आत्या म्हणाली, "आम्ही लहानपणी रोज शेतातच जायचो. तालमीवाचून जमलं हो."

तरी आत्याचा धीर मिलिंदनेच घालवला. 1917 साली टॉम थॉमसन हा चित्रकार याच कनू लेकवर एकटा होडी घेऊन निघाला आणि आठ दिवसांनी त्याचं प्रेत पाण्यात मिळालं, ही हकिगत त्याने जेवताना माहितीखातर सांगितली. त्यातून तो बोध काय काढतो? "त्याने तालीम केली नसणार." आयुष्याची शेवटची काही वर्षं त्याच पाण्यांची चित्रं काढणाऱ्या माणसाबद्दल हे! त्या रात्री मला त्याच्या टेपची ती कनू उपटून काढावीशी वाटली.

जुलैत गेले एकदाचे. दोन रात्री. चावणाऱ्या काळ्या माशांचा हंगाम टळला होता, पण डासांना कुणी संहिता दिली नव्हती. पोरांनी वाळूचे किल्ले, पक्षी ओळखण्याचा तक्ता, मिलिंदने आखलेले नऊ खेळ यांतल्या कशालाही हात लावला नाही. दोन दिवस पाण्यात दगड टाकले. नुसते दगड.

स्वातीने मला एक चित्रफीत दाखवली. पोर्टेजची. कनू डोक्यावर उलटी घेतली की माणसाला स्वतःच्या पायांपलीकडे फारसं दिसत नाही, हे शिडीला कुठलं ठाऊक असायला! आत मिलिंद, बाहेर फक्त त्याचे दोन बारीक पाय. आणि पुढे मुक्ता चालतेय, मागे वळून वळून ओरडतेय, "बाबा, मूळ आहे. बाबा, डावीकडे दगड. आता चिखल, हळू." पाच महिने सगळ्यांना सूचना देणारा माणूस चकार शब्द न काढता तिच्या आवाजामागून जातोय. मी ती फीत दुसऱ्यांदा मागितली, स्वातीला वाटलं माझं हसू आवरत नाहीये.

पहिल्याच रात्री वीज कडकडून पाऊस झाला. पोरं घाबरली नाहीत. अंगणात तंबूवर फवारा सोडून झालेली तालीम त्यांच्या लेखी याहून भयंकर होती, कारण तेव्हा वरून मिलिंद ओरडत होता. ती झोपून गेली. जागा राहिला तो एकटा, तंबूची काठी धरून, सकाळपर्यंत. हे त्याने मला अजून सांगितलेलं नाही, आणि मीही विचारणार नाही.

निघायच्या दिवशी कनूत बसताना ओजसने विचारलं, "बाबा, खरी ट्रिप कधी?"

"पुढच्या वर्षी," मिलिंद म्हणाला, आणि खिशातून वही काढली.