मामांच्या मानाचा पट्टा

परवा नानांच्या गाडीतून साताऱ्याला निघालो होतो. हायवेवर समोरून येणाऱ्या टेम्पोने दोनदा डिपर मारला. नानांनी ना ब्रेक दाबला, ना वेग कमी केला. फक्त डावा हात खांद्यावर नेऊन पट्टा ओढला आणि मला म्हणाले, "लाव लाव, पुढे मामा आहेत."

एरवी पाणी, आरक्षण आणि पार्किंगवरून एकमेकांची गचांडी धरणारा हा समाज एका बाबतीत मात्र एकदिलाचा आहे. नाकाबंदीची वर्दी देताना कोणी कोणाची जात विचारत नाही, की पक्ष विचारत नाही.

नाक्यावर मामांनी वाकून आत पाहिलं. नानांनी पट्टा बक्कलात अडकवलाच नव्हता, नुसता मांडीशी धरून ठेवला होता. मामांनी हात हलवला, गाडी सुटली आणि शंभर पावलांवर पट्टा सर्रकन जागेवर गेला. "नानांनी कायदा पाळला का?" असं विचाराल, तर पाळला. पाच सेकंद पाळला.

गाडीने मात्र टुंग टुंग सुरू केलं. नानांनी खणातून एक लोखंडी जीभ काढून बक्कलात खुपसली. गाडी गप्प. माणसाने स्वतःच्या गाडीला खोटं पाडावं म्हणून निघालेली ही वस्तू ऑनलाइन राजरोस मिळत असे. २०२३च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या आदेशानंतर पाच कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून तिच्या १३,११८ नोंदी उतरवल्या गेल्या. नानांनी आपली त्याआधीच घेऊन ठेवली होती. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

मागे काकू बसल्या होत्या. त्यांना पट्टा लावायला सांगितलं तर म्हणाल्या, "मागच्यांना कशाला?" नियम मागच्यांनाही लागू आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीत पट्ट्यासाठी एक हजार रुपये दंड लिहिलेला आहे. पण मागची बक्कलं नव्या सीटकव्हरखाली गाडली गेली होती. कव्हर चार हजारांचं. त्याला भोक कोण पाडणार?

४ सप्टेंबर २०२२ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघात झाला. गाडी महागडी होती, एअरबॅगा होत्या. मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे स्नेही गेले; दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा केल्याचं जाहीर केलं. चार दिवस लोकांनी कव्हरखाली हात घालून बक्कलं शोधली. शेंगदाणे, सुटे पैसे, लेकराची क्लिप सगळं सापडलं. मग ताजेपणा ओसरला आणि बक्कलं पुन्हा भूमिगत झाली.

नानांचं गणित साधं आहे: पट्टा मामांसाठी, एअरबॅग जिवासाठी आणि डॅशबोर्डवरचा गणपती दोघांच्या वर. धडकेत गाडी थांबते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याला धरून ठेवायचं काम पट्ट्याचं, हे गणपतीने नानांना सांगितलेलं नाही. आणि अपघाताआधी समोरून कोणी डिपर देत नाही.

साताऱ्यात उतरलो तेव्हा नानांच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत धुळीची तिरकी रेघ होती. पट्टा बाहेर न काढता ठेवला की त्यावर धूळ बसते आणि निघाला की सदऱ्यावर येते.

तेव्हा वाचकहो, पुढच्या प्रवासाला पांढरा सदरा घाला आणि निघतानाच पट्टा लावा. डाग पडला, तर समजा की पावती फाटली.