तिकीट काढलंय ना?

दाजींबरोबर संग्रहालय बघायचं तर आदल्या रात्री पोटभर झोपावं आणि पायात सरावाच्या चपला घालाव्यात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ दालनात शिरतो तोच तपासणीला आल्यासारखा. चष्मा कपाळावर, हात पाठीशी, आणि पहिल्या फलकापासून मोठ्याने वाचन सुरू. मागे रांग खोळंबते. "चचा, जरा आगे बढो," असं कोणी म्हणालंच, तर दाजी त्यालाच शेजारी उभा करून फलक समजावून सांगतात. कोणी कंटाळलेलं दिसलं की ठरलेला प्रश्न येतो, "तिकीट काढलंय ना?"

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात तर त्यांना रानच मोकळं मिळालं. "तिसरा सालारजंग. निजामाचा दिवाण होता. लग्नच केलं नाही. आयुष्यभर नुसत्या वस्तू जमवल्या!"

"केलं असतं तर घरात एवढा पसारा ठेवू दिला असता का कोणी?" ताई बाकावरून म्हणाली.

ताईची संग्रहालय बघण्याची पद्धत वेगळी. ती बाक बघते. कुठला पंख्याखाली आहे, कुठून दार दिसतं, कुठे बसलं की दाजींना आपण दिसत नाही, हे तिला पाच मिनिटांत कळतं. शेजारी बसलेल्या बाईशी तोपर्यंत सुनांपर्यंत गप्पा पोचलेल्या असतात.

'व्हेल्ड रेबेका'पुढे मात्र दाजी गप्प झाले. बेंझोनी या इटालियन शिल्पकाराचं हे काम, पहिल्या सालारजंगाने 1876 मध्ये रोमला विकत घेतलेलं. चेहऱ्यावरून ओघळलेलं तलम वस्त्र, त्यातून दिसणारं नाक, ओठ, आणि सगळा संगमरवर. दाजींनी चारी बाजूंनी फेरी मारली, मग हळूच म्हणाले, "छिन्नी जराशी घसरली असती तर?" एवढा एकच प्रश्न. पुढच्या मेफिस्टोफिलिस आणि मार्गारेटाच्या पुतळ्यापाशी आवाज परत आला. एकाच लाकडात पुढून ताठ उभा सैतान, पाठीमागून मान खाली घातलेली मुलगी, आणि ती दिसावी म्हणून लावलेला आरसा. दाजींनी अनोळखी माणसांना दंडाला धरधरून योग्य जागी उभं केलं. "आता आरशात बघा. दिसली? सरका, यांना दिसू द्या."

खरी गर्दी घड्याळापाशी. तिथला चिमुकला लोहार सेकंदासेकंदाला घण घालत असतो. तास भरत आला की एक दाढीवाला बाहुला दार उघडून बाहेर येतो, जितके वाजले तितके टोले देतो आणि आत जातो. बारा वाजता सर्वांत जास्त टोले, म्हणून सर्वांत जास्त माणसं. दाजी अर्धा तास आधी जागा धरून बसले होते. ऐन वेळी मागे एक पोरगं रडायला लागलं, त्याला काही दिसेना. दाजींनी त्याला खांद्यावर घेतलं. बारा टोले होईपर्यंत त्याचे दोन्ही हात दाजींच्या चष्म्यावर होते. बाहुला पाहिला तो पोराने. "सुरेख काम आहे," असं दाजी मात्र दिवसभर सगळ्यांना सांगत होते.

पहिल्या दोन-चार दालनांत सकाळ गेल्यावर पुढचं जे व्हायचं तेच झालं. हस्तिदंत, हातातल्या काठ्या, चिनी भांडी सगळं पळत. "हे बघितलं, हे बघितलं, चला!" दुपारी चौमहल्ला पॅलेसमध्ये त्यांनी झुंबरं मोजायला घेतली. मध्येच एक गाइड घोळका घेऊन आडवा आला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पुरानी हवेली. तिथे सहाव्या निजामाचं, महबूब अली खानांचं, दालनभर पसरलेलं दुमजली लाकडी कपाट आहे. दिवसभरात पहिल्यांदाच ताई आपणहून उठली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि म्हणाली, "याला म्हणतात कपाट." दाजींनी ओशाळून फलक वाचायला घेतला.

रात्री पाय गरम पाण्यात सोडून दाजी डायरीत सुटलेल्या दालनांची यादी लिहितात आणि जाहीर करतात, "राहिलेलं उद्या."

तुमच्याही घरात असे कोणी दाजी असतील, तर हैदराबादचं हे सगळं गुरुवारी बघायला काढा. शुक्रवारी सालारजंग बंद असतं.