टेबलाचंच चुकलं!

अ‍ॅपलच्या होमपॉड स्पीकरला सगळं कळतं. खोलीत ठेवलात की भिंत किती लांब आहे, आपल्याला कोपऱ्यात टाकलंय की मधोमध, हे तो स्वतःच्या आवाजावरूनच ताडतो आणि गाणं कुठल्या दिशेला किती फेकायचं ते ठरवतो. त्यासाठी पहिल्या होमपॉडच्या अंगावर सहा मायक्रोफोन, तळाशी सात ट्वीटर, डोक्यावर वूफर आणि एकेकाळी आख्खा आयफोन ६ चालवणारी ए८ चिप. आपण कशावर बसलोय, एवढंच काय ते त्याला कळत नाही.

हा स्पीकर ९ फेब्रुवारी २०१८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात विक्रीला आला. किंमत ३४९ डॉलर. आठवडा उलटायच्या आत बोंब सुरू झाली. अडीच किलोचा तो गोलमटोल ठोकळा पुसायला म्हणून उचलावा, तर खाली लाकडावर पांढरं कडं! उपकरणांची परीक्षणं करणाऱ्या वायरकटर संकेतस्थळाच्या परीक्षकांना ते दिसलं, तसंच काम करणाऱ्या पॉकेट-लिंटवाल्यांनाही दिसलं. पॉकेट-लिंटचा ओटा ओकच्या लाकडाचा, डॅनिश ऑइल लावलेला. बरं, डाग तरी कसा? पसरट नाही, ओघळ नाही. कंपासनं काढल्यासारखं कोरीव वर्तुळ. डागातसुद्धा डिझाइन सांभाळलंय, हे मान्य करायला हवं.

कारण अगदी साधं आहे. वूफर दणकायला लागला की स्पीकर टेबलावर थरथरू नये, म्हणून त्याच्या बुडाला सिलिकॉनची बैठक दिलेली असते. त्या सिलिकॉनमधलं तेलकट द्रव्य बाहेर झिरपतं. नुसतं तेल पाजलेलं लाकूड असेल, तर त्यावर वार्निशसारखा टणक पापुद्रा नसतोच. तेलाची आणि तेलाची गाठ पडते आणि लाकडावर वर्तुळ उमटतं. यात रॉकेट सोडण्याचं शास्त्र नाही. पॉलिशवाल्याला विचारलं असतं, तर त्यानं बिडी विझवता विझवता सांगितलं असतं.

आता कंपनीचा खुलासा ऐका. कंपनं शोषणारं सिलिकॉनचं बूड असलेला कुठलाही स्पीकर काही लाकडी पृष्ठभागांवर थोडेफार डाग सोडतो, त्यात विशेष काही नाही. स्पीकर उचलून ठेवा, काही दिवसांत डाग बहुधा जाईल. नाही गेला, तर फर्निचर बनवणाऱ्यानं सांगितलेल्या पद्धतीनं पुसा. आणि एवढी काळजी वाटत असेल, तर स्पीकर दुसऱ्या कशावर तरी ठेवा. वाचलंत ना? सगळ्या खुलाशात कामं निघाली ती तुम्हाला आणि सुताराला. कंपनीच्या वाट्याला एकही नाही.

या घराण्याची ही जुनी चीज आहे. २०१० मध्ये आयफोन ४ विशिष्ट प्रकारे हातात धरला की रेंज जायची. तक्रार करणाऱ्या एका ग्राहकाला खुद्द स्टीव्ह जॉब्झ यांनी कळवलं होतं की तसा धरू नका. तेव्हा हात चुकला होता, या वेळी टेबल चुकलं. तेव्हा निदान नंतर पत्रकार परिषद घेऊन फोनला फुकट कव्हरं तरी वाटली. या वेळी तेही नाही. अ‍ॅपलच्या वस्तूंना चामड्याची कव्हरं शिवणाऱ्या पॅड अँड क्विल कंपनीनं मात्र संधी साधली आणि होमपॉडखाली ठेवायची चामड्याची चकती वीसेक डॉलरला विकायला काढली.

अ‍ॅपलचं म्हणणं खोटं नाही, हेही सांगून टाकतो. टॉम्स गाइड या परीक्षणांच्याच संकेतस्थळावाल्यांनी पाहिलं, तर सोनोस वन या दुसऱ्या कंपनीच्या स्पीकरच्या चार पायांचेही बारीक ठिपके लाकडावर उमटलेले होते. म्हणजे रोग सिलिकॉनचा आहे, एका कंपनीचा नाही. पण इथंच तर खरी गोम आहे. सगळ्यांच्याच स्पीकरचे डाग पडतात हे तुम्हाला ठाऊक होतं, तर मग ते खोक्यावर का नाही छापलंत? आणि ठाऊक नव्हतं म्हणाल, तर वेळ कमी पडला असंही नाही. जून २०१७ मध्ये घोषणा झाली, डिसेंबरचा वायदा होता, तो अजून थोडा अवधी हवा म्हणून पुढे ढकलला. विक्रीच्या तोंडावर पत्रकारांना कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळा फिरवून दाखवल्या. प्रतिध्वनी न उमटणारी खोली, बारीकसारीक गुणगुण मोजणारी खोली. एवढ्या खोल्यांत कुणालाच एक तेल पाजलेलं टेबल नेऊन ठेवावंसं वाटलं नाही?

आपल्याकडे हे यंत्र २०२० मध्ये १९,९०० रुपयांना आलं. तेव्हा कड्यांवरून फारशी ओरड माझ्या तरी कानावर आली नाही. आपलं निम्मं फर्निचर सनमायकाचं, तिथं तेल मुरायला उघडं लाकूडच नसतं. उरलेलं सागवानी, त्यावर पॉलिशचे हात, पॉलिशवर काच, काचेवर क्रोशाचा रुमाल. रेडिओपासून मिक्सरपर्यंत घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राखाली किंवा यंत्रावर काहीतरी पसरल्याशिवाय आमच्या मावशी-आत्यांना चैन पडत नसे, आणि त्यावरून आम्ही त्यांना भरपूर छळलंय. जगातल्या भल्याभल्या डिझाइनरांच्या यंत्रावर शेवटी उतारा निघाला तो हाच. फक्त रुमाल चामड्याचा आणि दर डॉलरमधला.

तो पहिला मोठा होमपॉड कंपनीनं मार्च २०२१ मध्ये बंद केला. डागांमुळे नव्हे. धाकट्या होमपॉड मिनीवरच भर द्यायचं ठरलं म्हणून. २०२३ मध्ये त्याचा दुसरा अवतार आला. ज्यांच्याकडे यातलं काहीही आहे, किंवा सिलिकॉनच्या बुडाचा दुसरा कुठलाही स्पीकर आहे, आणि टेबल मात्र हौसेनं तेल-मेणाचा हात देऊन घेतलेलं आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर तो एकदा उचलून खाली बघावं. कडं दिसलं तर चार दिवस जागा मोकळी ठेवा. नाहीच गेलं, तर सुताराला बोलवा, तो घासून पुन्हा तेलाचा हात मारून देईल. मजुरी तुमच्या खिशातून.