मुलीच्या मामास अमेरिकेबाहेर सोडणेबाबत

प्रति,
मा. संबंधित साहेब,
नागरिकत्व, पासपोर्ट, व्हिसा व तत्सम सर्व खिडक्या, दोन्ही देश.

संदर्भ : 1) लग्नपत्रिका. 2) आपल्या वेबसाइटवरील 'प्रक्रिया सुरू आहे' हे वाक्य.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी मूळचा कोल्हापूरचा, हल्ली मुक्काम न्यू जर्सी, आणि या हिवाळ्यापासून अमेरिकेचा नागरिक. येत्या वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न आहे. कार्यालय ठरलं, आचारी ठरला, जावयाच्या बुटांचं मापही आलं. मुलीचा मामा कोणत्या देशाच्या कोणत्या कागदावर विमानात बसणार, एवढंच ठरायचं राहिलंय, आणि ते आपल्या हाती आहे.

मामा म्हणजे काय, हे आपल्या नियमावलीत नसल्याने थोडक्यात लिहितो. आमच्याकडे लग्नाआधी नवरी गौरीहर पुजत बसते. तेव्हा तिच्या अंगावर पिवळी साडी असते, अष्टपुत्री म्हणतात तिला. ती मामाने द्यायची. मुहूर्त जवळ आला की गुरुजी माइकवरून पुकारतात, 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.' मग मामा तिला बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. बाकी लग्नात त्याला काही काम नसतं. पण या कामाला दुसरा माणूस चालत नाही. पिवळी साडी माझ्या बॅगेत केव्हाच भरून ठेवली आहे. तिला व्हिसा लागत नाही, कुरिअरनेही जाईल. माझी तशी सोय नाही.

आपल्याकडे घाईची सोय आहे, हे मला मान्य आहे. अमेरिकी पासपोर्टसाठी जादा 60 डॉलर भरले की अर्ज 'लवकर'च्या गठ्ठ्यात जातो. ते मी भरले. मात्र हे 'लवकर' अर्ज आपल्या टेबलावर पोचल्यावर सुरू होतं, आणि टपालातला वेळ त्यात धरत नाहीत, हे खालच्या बारीक अक्षरांत वाचलं. त्याहून घाई असेल तर समक्ष भेटीची वेळ मिळते, पण प्रवास चौदा दिवसांच्या आत आला असेल तरच. परदेशी व्हिसा काढायचा असेल, तर अठ्ठावीस. त्याआधी फोन केला तर आवाज गोड, उत्तर एकच: अजून वेळ आहे. म्हणजे जो माणूस दोन महिने आधी जागा होतो तो बाहेर, आणि ज्याच्या गळ्याशी आलंय तो आत. आमच्या शाळेत हेडमास्तर नेमके याच्या उलट वागायचे.

बरं, त्या भेटीला जाताना प्रवासाचा पुरावा दाखवावा लागतो. पुरावा म्हणजे तिकीट. आणि दुसऱ्या देशाच्या खिडकीवर पाटी असते की, कागद हाती आल्याशिवाय तिकीट काढू नये. दोन्ही सूचना आपल्याच, साहेब, आणि दोन्ही अत्यंत शहाणपणाच्या. एक पाळली की दुसरी मोडते, इतकंच.

सगळ्यात वरची घाई म्हणजे जीवन-मरणाची. जवळचं माणूस परदेशात गेलं किंवा जायच्या वाटेवर असलं, तर आपलं दार खरोखर उघडतं, आणि याबद्दल उपरोध न करता आभार मानतो. परंतु 'जवळचं माणूस' कोण याची आपण यादी केली आहे. आई, वडील, मूल, नवरा-बायको, भावंड, आजी-आजोबा. मावशी, काका, चुलत-मावस भावंडं यांत बसत नाहीत. 'माय मरो पण मावशी जगो' असं म्हणत आमच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या. आपल्या हिशेबात मात्र माय गेली तर पासपोर्ट, मावशी गेली तर रांग. आणि लग्न? लग्नाला तर कोणी मेलेलंच नसतं. त्यामुळे ते घाईत बसण्याचा प्रश्नच येत नाही. हे सगळं मी कोल्हापूरला फोनवर समजावून सांगत होतो. आजी पलंगावरून ऐकत होती. म्हणाली, 'मी पडू का आजारी? किती दिवस पडायला लागंल?' ती नव्वदीची आहे आणि शब्दाची पक्की आहे. तिला मोठ्या मुश्किलीने आवरलं आहे.

आता माझे कागद कुठे आहेत ते सांगतो. आम्हा भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग आपण जाणताच. नोकरीच्या कोट्यातून कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्के, मग तो देश आइसलंड असो की भारत. त्या रांगेत माझे केस पिकले. पुढची पाच वर्षं ग्रीन कार्डावर. मग अर्ज, बोटांचे ठसे, मुलाखत, आणि अखेर शपथेचं बोलावणं. तारीख आपण दिली, मी गेलो. दारात ग्रीन कार्ड काढून घेतलं. शपथेत परक्या राजेरजवाड्यांवरची निष्ठा सोडायची असते. आमचं संस्थान 1949 सालीच मुंबई राज्यात विलीन झालंय, त्यामुळे कायद्याने अडचण नव्हती. तरी दसऱ्याला सोनं लुटताना छत्रपतींपुढे हात आपोआप जोडले जातात, ते यात मोडतं का, असं विचारणार होतो. मागे मोठी रांग होती. राहून गेलं.

शपथ संपली आणि त्याच क्षणी माझं भारतीय नागरिकत्व संपलं. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम तसं सांगतं: स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं. अर्ज नाही, टोकन नाही, झेरॉक्स नाही, 'उद्या या' नाही. भारत सरकारचं इतकं झटपट काम मी उभ्या आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही. मात्र जे आपोआप गेलं, ते गेल्याचा दाखला आपोआप मिळत नाही. त्यासाठी अर्ज करायचा, शुल्क भरायचं, फोटो लावायचा, जुना पासपोर्ट जमा करायचा. तो रद्दचा शिक्का होऊन परत येतो. मधल्या काळात तो वापरला, तर गुन्हा. आणि अमेरिकेचा कायदा सांगतो की, अमेरिकी नागरिकाने देशाबाहेर जाताना-येताना अमेरिकेचाच पासपोर्ट वापरावा. तो तर आपल्या टेबलावर आहे.

त्या दिवशी घरी येताना माझ्याजवळ नागरिकत्वाचं प्रमाणपत्र होतं आणि वाटलेला एक छोटा झेंडा. प्रमाणपत्रावर छापलंय की, अधिकार नसताना याची नक्कल काढणं दंडनीय आहे. पासपोर्टच्या अर्जावर छापलंय की, मूळ प्रमाणपत्रासोबत त्याची झेरॉक्स जोडा. मी लायब्ररीतल्या मशीनवर आजूबाजूला बघून एक प्रत काढली. मग पोस्टात गेलो. तिथल्या बाईंनी डीएस-11 नावाचा अर्ज उलटसुलट करून पाहिला. माझी सही नाही ना, याची आधी खात्री केली. आयुष्यात पहिल्यांदाच सही न केल्याबद्दल माझं कौतुक झालं. मग उजवा हात वर करायला लावला, लिहिलेलं खरं आहे अशी शपथ दिली आणि समोर सही घेतली. मूळ प्रमाणपत्र लिफाफ्यात गेलं. ते वेगळ्या टपालाने परत येणार आहे. सध्या मी कोणत्या देशाचा हे सिद्ध करायला घरात तो झेंडाच उरलाय, आणि तो दिवाणखान्यातल्या गणपतीशेजारी खोचला आहे.

पासपोर्ट नाही म्हणून व्हिसा नाही, कारण व्हिसाच्या अर्जात पासपोर्टचा नंबर लागतो. तो मिळाला की ई-पर्यटक व्हिसा बरा, असं इथले जाणते सांगतात. नातेवाईकांना भेटणं हे कारण त्यात चालतं. म्हणजे मी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पर्यटक. 'भेट देण्याची ठिकाणं' या रकान्यात मंगल कार्यालयाचं नाव घालणार आहे. भारतातल्या ओळखीच्या व्यक्तीचं नाव आणि फोन म्हणून बहिणीचं देणार आहे. तिला विचारलं, तर म्हणाली, 'दादा, ओळखते की मी तुला. पण वेळेत आलास तर.'

ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', या कार्डाबद्दल आत्ता बोलत नाही, ते लग्नानंतरचं. त्या कार्डाच्या नावात नागरिक आहे, पण मतदान नाही, निवडणुकीला उभं राहणं नाही आणि शेतजमीन विकत घेणं नाही. वारसाने आलेली जमीन राहते. तीवरून चुलत्यांशी चाललेला वादही राहतो, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही.

आमच्या सौ.चं प्रकरण याहून नाजूक आहे. तिच्या जन्मदाखल्यावर तर नावच नव्हतं, नुसतं 'मुलगी'. नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. माहेरी ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यावर आलं. लग्नात सासरचं नाव मी स्वतः ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं. ते पासपोर्टवर आलं. आता ही दोन्ही नावं एकाच बाईची, याचा पुरावा मागितला गेला. तांदळाचं नोटरायझेशन झालेलं नाही, साहेब. फोटो आहे, त्यात माझा हात आणि भटजींचं पोट दिसतं, अक्षर दिसत नाही. शेवटी विवाह नोंदणीचा दाखला सापडला म्हणून निभावलं. भाचीला निरोप धाडलाय: नवऱ्याला तांदळात काहीही लिहू देऊ नकोस. हौस असेल तर आधी राजपत्रात छापून आण.

नव्या नागरिकाचा पहिला हक्क म्हणून मी इथल्या खासदाराच्या कार्यालयात गेलो. अडलेल्या सरकारी कागदांसाठी तिथे खास माणूस असतो. माझी माहिती विचारायला माझीच लेखी संमती घेतली, आणि विचारणा केल्याचं अतिशय सभ्य पत्र पाठवलं. अडलं की आमदाराची चिठ्ठी आणायची, ही आमच्याकडची लोकशाहीची पहिली पायरी. सात समुद्र ओलांडून तीच पायरी सापडली, तेव्हा घरच्यासारखं वाटलं. फरक एवढाच की, कोल्हापुरात आमदारांच्या माणसाने चहा पाजला असता आणि 'आपल्यातलंच पोरगं हाय' असं फोनवर कुणाला तरी सांगितलं असतं. माझ्या पहिल्या पासपोर्टची पोलीस चौकशी अशीच झाली होती. हवालदारांनी शेजारच्या काकूंना 'पोरगं बरं हाय न्हवं?' एवढं विचारलं, त्या 'बरं हाय' म्हणाल्या, आणि भारत सरकारची खात्री पटली. या पद्धतीत उणिवा असतील. वेळ मात्र फार लागला नाही.

तरी विनंती की, घाईच्या वर्गवारीत मरणाखाली 'मुहूर्त' असा एक वर्ग जोडावा. मुहूर्त पुढे ढकलता येतो असा आपला समज असल्यास, तो पंचांगाने खोडून निघेल. हा गेला की अधिक महिना, मग पाऊस, मग चातुर्मास, मग तुळशीचं लग्न लागल्याशिवाय माणसांचं लागत नाही. मुलाकडचे लोक तोवर थांबतील असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते सांगलीचे आहेत. पुरावा म्हणून पत्रिका जोडली आहे. तिच्यात मुहूर्ताची मिनिटंसुद्धा छापलेली आहेत. आपल्या कोणत्याही पत्रात मला आजवर मिनिटं सोडा, आठवडाही नेमका सापडलेला नाही. पत्रिकेत 'मामा' म्हणून माझं नाव आहे. तिथे तरी नागरिकत्व विचारलेलं नाही.

योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर.

आपला नम्र,
मुलीचा मामा (सख्खा)

ता. क. : माझा इचलकरंजीचा चुलतभाऊ हल्ली रोज फोन करून पासपोर्टची चौकशी करतो. इतकी आपुलकी त्याने गेल्या वीस वर्षांत दाखवली नव्हती. मी पोचलो नाही, तर मामा म्हणून तो उभा राहणार, असं बहिणीने ठरवलंय. 'प्रक्रिया सुरूच आहे' म्हटलं की तो 'अरेरे' म्हणतो आणि लगेच फोन ठेवतो. फेटा त्याने बांधून बघितलाय, असं आजी सांगत होती.